व्हाउचर नसलेले वाक्य

ऐरोली, नवी मुंबई

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

खाडीवरच्या प्रकल्पाचा तू पाठवलेला मसुदा काल रात्री वाचला. भाषा इतकी गुळगुळीत आहे की चार पाने मी न अडखळता वाचून काढली. पाचव्या पानावर मात्र 'ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दरवर्षी घरटी बांधून पिले वाढवतात' असे वाक्य आले आणि मी थांबले. हे पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात चरायला येतात, बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाशी परततात आणि त्यांची वीण कच्छच्या रणात होते, हे आठवीत असताना होडीतून उतरल्यावर तूच आजोबांना समजावून सांगितले होतेस. खाडी अभयारण्य झाल्याचे २०१५ आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आल्याचे २०२२ ही दोन्ही साले तू अचूक दिली आहेस, म्हणूनच हे वाक्य अधिक धोक्याचे. खऱ्या नोंदींच्या रांगेत बसलेली खोटी नोंद किती सहज नजरेतून सुटते, ते इतकी वर्षे हिशेब तपासताना मी पाहत आले आहे.

फोनवर तू म्हणालीस की पाचव्या पानापासूनचे प्रकरण चॅटजीपीटीने लिहून दिले, पण उचलेगिरीच्या तपासणीत इतरांच्या मजकुराशी साम्य ४ टक्केच निघाले, म्हणजे ते नियमात बसते. अगं, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड न करण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम २०१८ चा आणि चॅटजीपीटी आले नोव्हेंबर २०२२ मध्ये. ती तपासणी आधीच्या मजकुराशी तुझा मजकूर ताडून पाहते. हे साधन शब्दामागून शब्द जोडत नवेच वाक्य रचते, मग साम्य सापडणार कोठून? यंत्राचे लेखन ओळखणारी साधनेही भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे तसे साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. तेव्हा पकडली जाण्याचा धाक मी तुला घालत नाही.

परंतु व्हाउचरशिवाय, म्हणजे पुराव्याच्या कागदाशिवाय, नोंद मी पास करत नाही, मग ती मुलीची का असेना. अवघड इंग्रजी शोधनिबंध त्या साधनाकडून समजून घेतलास, यात मला गैर वाटत नाही. त्याचा वापर कोठवर चालेल हे तुमच्या सरांना विचार, आणि कोणते साधन कोणत्या भागासाठी वापरलेस ते प्रस्तावनेत स्पष्ट लिही. पाचव्या पानापासूनचे ते प्रकरण काढून स्वतः लिही. संदर्भयादीतला प्रत्येक निबंध उघडून पाहा, कारण मुळात नसलेले निबंधही हे साधन लेखकाच्या नावासकट देते; न्यूयॉर्कमध्ये असेच बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड झाला.

शनिवारी येशील ना? भरतीची वेळ पाहून ऐरोलीच्या जेटीवर होडीचे विचारून ठेवते. दुर्बीण घरीच आहे, वही तेवढी आण.

तुझी,
आई