मुंबईचे हवाई अंतर आणि निपाणीचा प्रवासी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरील सेवांविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेल्या चौकटीत बेळगाव-मुंबई हे अंतर 'हवाई मार्गाने ४९० किलोमीटर' असे छापले आहे. हा आकडा महामार्गाचा आहे. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे अशी गावे घेत खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या रस्त्याची वळणे विमानाला घ्यावी लागत नाहीत; सांबऱ्याहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. त्याच मापाने बेंगळूरचा विमानतळ सुमारे ४४५ किलोमीटर भरतो. सीमाभागातील आम्हा मराठी मंडळींना हे वाचून बरे वाटेल, पण रस्त्याने दोन्ही शहरे जवळपास सारखीच दूर असल्याने त्यावरून कोणी नवा मुद्दा काढू नये.

अंतरापेक्षा वेळेचा हिशेब अधिक फसवा आहे. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या एटीआर या पंख्याच्या लहान विमानाने ४०० किलोमीटर पाऊण तासात संपावेत, आणि जेट विमानाने अर्ध्या तासात. तरीही वेळापत्रकात तासाभराहून अधिक वेळ दिसतो, याचे कारण ती वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे हे सारे तिच्यात धरलेले असते. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

माझ्यासारख्या निपाणीकराचा हिशेब याहूनही वेगळा आहे. मुंबई उत्तरेला असताना आम्ही आधी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर दक्षिणेला सांबऱ्यापर्यंत जातो, विमान सुटण्यापूर्वी पाऊण-एक तास काउंटर बंद होत असल्याने त्याच्याही आधी पोहोचतो, आणि तासाभरात विमान पुन्हा त्याच दिशेने निघते, जिथून आम्ही सकाळी निघालो होतो. मुंबईत उतरल्यावर दादर किंवा ठाणे गाठण्याचा वेळ धरला, तर घरापासून घरापर्यंत सहा तास सहज जातात. रात्रीच्या बसला आठ-नऊ तास लागतात, पण ते झोपेत जातात. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आम्हाला सांबऱ्याच्या निम्म्या अंतरावर आहे, हे चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांना त्या चौकटीतून कळायला हवे होते. खानापूरकरांना मात्र सांबराच सोयीचा.

म्हणून विनंती अशी की, चुकीचा आकडा दुरुस्त करावा आणि पुढील वेळी हवाई अंतर व रस्त्याचे अंतर वेगवेगळ्या रकान्यांत द्यावे. शेजारी बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी येथून विमानतळ गाठण्यास लागणारा वेळही छापावा. त्यासाठी जागा कमी पडत असेल, तर विमानाचे छायाचित्र थोडे लहान केले तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, निपाणी