चिपाया लोक जळून गेलेले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पहिल्या सूर्योदयाच्या कथांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलेय. विषय चांगला होता हे आधी सांगते, आपल्याकडे बोलिव्हियाबद्दल एवढं लिहितं तरी कोण. पण चुल्पांची, म्हणजे सूर्याआधीच्या माणसांची, गोष्ट अर्धी सांगून लेखक थांबले आणि राहिलेली अर्धीच महत्त्वाची आहे.

सूर्य नव्हता तेव्हा चांदण्यात राहणारी माणसं होती, सूर्य पश्चिमेकडून येणार असं कळलं म्हणून त्यांनी घरांची दारं पूर्वेला ठेवली, तो नेमका पूर्वेकडूनच आला आणि सगळी होरपळून वाळून गेली, इथपर्यंत ठीक. पण काहीजण तळ्याच्या पाण्यात शिरले म्हणून वाचले, आणि त्यांचेच वंशज आम्ही, असं ओरुरो भागातले चिपाया लोक आजही सांगतात. कोइपासाच्या मिठागराजवळ त्यांचं गाव आहे, वस्ती साधारण दोनेक हजार. लाउका नदीचं पाणी शेतात सोडून जमिनीतलं मीठ धुवून काढतात आणि मग किनोआ पेरतात. त्यांच्या भाषेचं नाव २००९ च्या बोलिव्हियाच्या राज्यघटनेत अधिकृत भाषांच्या यादीत आहे. लेखात यातलं एक अक्षर नाही, तिथे फक्त 'सूर्यप्रकाशात नष्ट झालेली आदिम जमात'!

आणि ही कथा कोण सांगतंय त्यावर तिचा अर्थ फिरतो हो. शेजारचे आयमारा लोक चिपायांना चुल्पांचं उरलंसुरलं म्हणत आले, म्हणजे तुम्ही सूर्याआधीचे, अंधारातले, आम्ही नंतरची नीट माणसं. चिपाया तीच गोष्ट सांगतात ती आम्ही इथले सगळ्यात पहिले, हे सांगायला. लेखकाने नकळत एकाच बाजूची गोष्ट उचलली आणि तीही दुसऱ्यांना हिणवणारी.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. मी गडचिरोली जिल्ह्यात एका आश्रमशाळेत भूगोल शिकवायचे, वर्गात बहुतेक माडिया मुलं. एकदा मुंबईहून पाहुणे आले, सोबत एक मोठे साहेब. साहेब वर्गात मुलांच्या पुढ्यात उभे राहून पाहुण्यांना म्हणाले, ही बघा, दहा हजार वर्षांपूर्वीची माणसं, अजून तशीच आहेत. मुलं सातवीतली होती, मराठी सगळं समजत होतं त्यांना. मी तिथल्या तिथे म्हटलं, साहेब, ही मुलं तुमच्याच काळात जन्मलीत, तर पाहुणे गेल्यावर मलाच बोलावून समज दिली की पाहुण्यांसमोर असं बोलायचं नसतं. मुलांना ढोल घेऊन नाचायला लावलं ते वेगळंच. संध्याकाळी एक पोरगी, गणितात वर्गात पहिली येणारी, मला विचारते, "बाई, आम्ही खरंच तेवढे जुने का?" काय सांगायचं तिला? माझा राग अजून गेलेला नाही आणि कालचा लेख वाचून तो सगळा परत वर आला, कारण जिवंत माणसांना भूतकाळात ढकलायची हीच ती सवय.

आता बाकीच्या चुका. पेरूतल्या सिलुस्तानीचे दगडी मनोरे म्हणजे 'जळालेल्या लोकांची घरं' असं छापलंय. ती घरं नाहीत, मृतांना ठेवायच्या जागा आहेत, त्यातले बरेचसे कोल्या लोकांनी इंका तिथे पोचायच्या आधी बांधलेले. बुटकी दारं पूर्वेला, आत वाळलेले देह, हे पाहिल्यावर लोकांना ती गोष्ट का पटली असेल ते समजतं, आणि हे लेखात आलं असतं तर वाचणाऱ्याला काही मिळालं असतं. माया लोकांचे पूर्वज पहिल्या उन्हात दगड झाले हेही चूक. ग्वाटेमालाच्या किचे मायांच्या पोपोल वुह या पवित्र ग्रंथात दगड होतात ते तोहिल, अविलिश, हाकाविट्झ हे देव आणि त्यांच्यासोबत जग्वार-साप वगैरे जनावरं. पूर्वज माणसंच राहतात, पहाटेची वाट बघत रडलेले असतात, सूर्य दिसल्यावर कोपालचा धूप जाळून आनंदाने नाचतात. इतका सुंदर प्रसंग आणि तुम्ही तो उलटा करून छापलात. आणि लेखावर फोटो कसला, तर तेओतिवाकानचा पिरॅमिड! तो मेक्सिकोत आहे, बोलिव्हिया कुठे आणि मेक्सिको कुठे. फोटो टाकण्याआधी कोणी नकाशा तरी उघडतं की नाही?

सूर्योदयाचाच विषय आहे तर आणखी एक. आपल्या नागपूर आवृत्तीत रोज सूर्योदयाची वेळ मुंबईची छापली जाते. आमच्याकडे सूर्य त्याच्या पंचवीस-तीस मिनिटं आधी उगवतो. मी याबद्दल आधीही पत्र पाठवलं होतं, उत्तर नाही, बदलही नाही. इथे लोक ती वेळ बघून पूजा करतात, उपास सोडतात.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात, येत्या रविवारी चिपायांबद्दल आणि फोटोबद्दल ठळक दुरुस्ती छापावी, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, आणि नागपूरला नागपूरची वेळ द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गडचिरोली