‘कधी आलात?’ हा प्रश्नच चुकीचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लॅटिन संगीतावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात हा विषय क्वचितच येतो, त्यामुळे आनंद झाला. पण त्या कलाकारांना लेखात पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘स्थलांतरित’ म्हटलं आहे. ‘बाहेरून येऊन अमेरिकी संगीतात जागा मिळवली’ हे वाक्य तर दोनदा आलं आहे. ते मनाला लागलं, म्हणून हे पत्र.

मी पेटी वाजवतो. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालो, भजनाची आणि नाट्यगीतांची साथसंगत अजून चालू आहे. माझी मुलगी टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला असते. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या वादकांना संगीताच्या धंद्यात काय अनुभव आले, यावर ती पीएच.डी. करते आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे तीन महिने राहिलो होतो. ती मुलाखती घ्यायला निघाली की मीही सोबत जायचो आणि कोपऱ्यात गप्प बसून ऐकायचो.

एका म्हाताऱ्या वादकाच्या घरी गेलो होतो. ते बाहो सेक्स्तो वाजवायचे. हे बारा तारांचं, गिटारीसारखं, पण खर्जात बोलणारं वाद्य. मुलीच्या कागदावरचा पहिलाच प्रश्न होता, ‘तुमचं कुटुंब अमेरिकेत कधी आलं?’ आजोबा काही बोलले नाहीत. हातातलं वाद्य त्यांनी मांडीवर आडवं ठेवलं, खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘माझ्या पणजोबांचं घर इथून चार गल्ल्यांवर होतं.’ पुढे त्यांनी तिकडे घरोघरी म्हणतात ते वाक्य सांगितलं : आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली. खरंच आहे ते. सॅन अँटोनिओ हे गाव 1718 साली वसलं आणि टेक्सास अमेरिकेत सामील झालं 1845 साली. त्या रात्री मुलीने प्रश्नावलीतला पहिला प्रश्न खोडून तिथे लिहिलं, ‘तुम्ही वाजवायला कुणाकडून शिकलात?’ त्यानंतर मात्र माणसं भरभरून बोलायला लागली.

तिथल्या संगीताला कोन्हुंतो म्हणतात. त्यातलं मुख्य वाद्य अ‍ॅकॉर्डियन, आणि ते आलं टेक्सासमध्ये वसलेल्या जर्मन आणि चेक शेतकऱ्यांकडून. म्हणजे खऱ्या अर्थाने बाहेरून आलं ते वाद्य! फ्लाको हिमेनेस हे त्यातलं मोठं नाव. त्यांचे आजोबा जर्मन लोकांचं वाजवणं ऐकून शिकले, वडील सांतियागो यांनी रेकॉर्डी केल्या आणि फ्लाको पुढे रोलिंग स्टोन्स या प्रसिद्ध रॉक बँडच्या रेकॉर्डवरही वाजले. आपल्या पेटीची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे? युरोपातून आली, इथे रुळली, तरी 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवलं. आज आपल्या कीर्तनात पेटीला कुणी परकी म्हणून दाखवावं!

पेटीवाला म्हणून मला सगळ्यात भावली ती नार्सिसो मार्टिनेस यांची गोष्ट. अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या बाजूला खर्जाची बटणं असतात. मार्टिनेस यांनी ती जवळजवळ सोडूनच दिली, खर्ज आणि ठेका बाहो सेक्स्तोवाल्या सांतियागो अल्मेइदांकडे सोपवला आणि स्वतः सगळं लक्ष उजव्या हातावर दिलं. डावा हात भात्याला, उजवा सुरांना. आपण पेटीवर रोज हेच करतो. या एका बदलाने कोन्हुंतोचा बाज ठरून गेला. लोक त्यांना या संगीताचे जनक म्हणतात.

आणि या माणसाचं कंपनीने काय केलं? मार्टिनेस यांचा जन्म सीमेवरच्या नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या रेनोसाचा, पण त्याच वर्षी तान्हं बाळ म्हणून ते टेक्सासला आले ते कायमचेच. तिसाच्या दशकात ब्लूबर्ड कंपनीने त्यांच्या रेकॉर्डी काढल्या. त्यांचे पोल्का, म्हणजे नाचाच्या चाली, पोलिश गिऱ्हाइकांना विकताना वर नाव छापलं ‘पोल्स्की क्वार्तेत’ आणि लुइझियानातल्या केजन, म्हणजे फ्रेंच वंशाच्या, लोकांसाठी ‘लुइझियाना पीट’. वाजवणारे तेच, बोटं तीच, पण नाव भलत्याचंच. मार्टिनेस यांनी शेतमजुरी केली, ट्रक चालवला, उतारवयात ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांची देखभाल केली. 1983 साली राष्ट्रीय सन्मान मिळाला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हे वाचलं तेव्हा मला पुढे वाचवेना.

नावाचं दुखणं त्यांच्यापाशी थांबलं नाही. टेक्सासमधल्या सान बेनितोत जन्मलेला गायक बाल्देमार वेर्ता गोऱ्या श्रोत्यांसाठी फ्रेडी फेंडर झाला. हे आडनाव गिटारच्या कंपनीचं. 1975 साली त्याचं गाणं अमेरिकेच्या पॉप आणि कंट्री या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्यात एक कडवं स्पॅनिशमध्ये होतं. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या रिचर्ड वालेन्सुएलाचं निर्मात्याने रिची वॅलन्स केलं. गायिका सेलेना टेक्सासची. ती इंग्रजी बोलतच वाढली आणि स्पॅनिश गाण्यांचे शब्द आधी उच्चारावरून पाठ करून गायली. यांना स्थलांतरित म्हणायचं ते कोणत्या हिशेबाने? प्वेर्तो रिकोचे लोक तर 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तरी 2023 च्या ग्रॅमी सोहळ्यात तिथलाच गायक बॅड बनी स्पॅनिशमध्ये गायला, तेव्हा टीव्हीवर खाली अक्षरं उमटली, ‘इंग्रजीखेरीज अन्य भाषेत गात आहे’. स्पॅनिश हा एक शब्द लिहायला जड गेला.

खुद्द ग्रॅमीने 2011 साली पुरस्कारांचे विभाग 109 वरून 78 वर आणले. त्या कात्रीत तेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, संगीताचा स्वतंत्र विभाग गेला आणि टेक्सासच्या मातीतलं संगीत ‘प्रादेशिक मेक्सिकन’च्या रांगेत जाऊन बसलं. त्याच वेळी लॅटिन जॅझचाही विभाग गेला. ब्राँक्समध्ये जन्मलेले तालवादक बॉबी सानाब्रिया आणि त्यांचे साथी त्यासाठी कोर्टात गेले. दावा फेटाळला गेला, पण ओरड इतकी झाली की 2012 साली तो विभाग परत आणल्याचं जाहीर झालं.

तुमच्या लेखकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की या विषयाचा अभ्यास विक्रीच्या आकड्यांवरून होत नाही. वादकासमोर बसावं लागतं. क्रिस स्त्राखविट्स हे स्वतः जर्मनीतून आलेले. त्यांनी उभा जन्म या रेकॉर्डी गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातली लाखाहून जास्त ध्वनिमुद्रणं आज लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने जतन केली आहेत. गायिका लिडिया मेंडोसा यांचं आयुष्य स्त्राखविट्स यांनी बाईंच्याच तोंडून नोंदवून घेतलं. म्हणून तर आपल्याला कळतं की सॅन अँटोनिओच्या मंडईच्या चौकात नाण्यांसाठी गाणाऱ्या या बाईंना 1934 साली ज्या गाण्याने नाव मिळालं, त्याचे शब्द त्यांना लहानपणी च्युइंगमच्या कागदावर सापडले होते. असा तपशील कंपनीच्या वहीत मिळत नाही. आपल्याकडेही सबॅस्टियन डिसूझांसारख्या, हिंदी सिनेमाच्या गाण्यांची वाद्यरचना करणाऱ्या गोव्याच्या अरेंजरांचं आणि त्यांच्या साथीदारांचं मोल बऱ्याच लोकांना कळलं ते ऑकलंडचे संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईतल्या वादकांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं तेव्हा.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी ‘स्थलांतरित’ या शब्दाबद्दल दोन ओळींचा खुलासा छापावा. आणि जमलं तर नार्सिसो मार्टिनेस यांच्यावर एखादा लेख द्यावा, मथळ्यात त्यांचं पूर्ण नाव घालून.

आपला नम्र,
एक पेटीवादक वाचक, सातारा