गावच्या विहिरींसाठी 14 दिवस: विद्यार्थ्यांच्या उन्हाळी सेवा छावणीसाठी आवाहन

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थ, कुळागरवाले (माड-पोफळीच्या बागा राखणारे), प्राध्यापक आणि नोकरीनिमित्त पणजी-फोंड्याला राहणारे गावकरी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

येत्या 4 ते 17 मे या काळात आपल्या गावात 24 महाविद्यालयीन मुलामुलींची सेवा छावणी घ्यायचे मंडळाने ठरवले आहे. काम मोजकेच धरले आहे: सामायिक वापराच्या 8 विहिरी, 2 झरी आणि कुळागरांना पाणी नेणारा मुख्य पाट पावसाआधी साफ करायचा आणि या सगळ्यांची नोंदवही तयार करायची. त्यासाठी धान्य, अवजारे आणि पैसे लागतील. पण त्याआधी हवीत जाणती माणसे. ती कशासाठी, हे नीट समजावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मे महिन्यात विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते. उपसा कमी करावा लागतो, चिऱ्यांच्या सांध्यांत घुसलेली मुळे दिसतात, निसटलेला चिरा ओळखू येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला की ही संधी गेली. परीक्षा आटोपून मुले मोकळी होतात तीही याच दिवसांत.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली. तिचे विशेष शिबिर 7 दिवसांचे असते. तेवढ्यात अंगमेहनतीची सवय होते, पण माणसे आणि काम सांभाळायला शिकायला तो वेळ पुरत नाही. पहिले दोन दिवस ओळखीत जातात, शेवटचा समारोपात. मधल्या दिवसांत गावातला कोणीतरी हुकूम सोडतो आणि मुले घमेली वाहतात. याला आम्ही नेतृत्वाचा अनुभव म्हणत नाही. म्हणून ही छावणी दुप्पट दिवसांची आहे. पहिले 2 दिवस प्रशिक्षण, पुढचे 12 दिवस काम. प्रत्येकी 6 जणांचे 4 गट असतील आणि गटप्रमुख दर 2 दिवसांनी बदलेल, म्हणजे प्रत्येकाची पाळी येईल. पाळीच्या दोन दिवसांत वही, शिट्टी आणि काम थांबवण्याचा अधिकार गटप्रमुखाकडे. त्याने शिट्टी वाजवली की पंच असो, भाटकार (जमीनमालक) असो की आमचा कार्यकर्ता, सर्वांनी हात थांबवायचे. पाळी बदलताना संध्याकाळी 15 मिनिटे हवाली: काय झाले, काय उरले, कोणाच्या अंगात कणकण आहे, कोणती दोरी घासली आहे.

आता विहिरीचे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, पालकांनीही ती वाचावी: कोणताही विद्यार्थी विहिरीत उतरणार नाही. उतरतील ते विहिरी उपसण्याचे काम वर्षानुवर्षे करणारे दोन कामगार. विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे. प्राणवायू बराच कमी झाल्याशिवाय ज्योत विझत नाही आणि विषारी वायूबद्दल ती काही सांगत नाही. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत कधीही उतरवायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. विजेचा पाणबुडी पंप वापरायचा आणि माणूस आत असताना त्याचा पुरवठा बंद ठेवायचा. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घालायची नाही. एकापाठोपाठ तिघे-चौघे दगावतात ते याच चुकीने. अंगभर सुरक्षा पट्ट्याला (हार्नेस) बांधलेल्या दोरीने वर ओढायचे आणि 108 ला फोन करायचा.

त्यामुळे आमची पहिली मागणी खाणींत, कारखान्यांत किंवा अग्निशमन दलात सुरक्षेचे काम केलेल्यांकडे आहे. चार वायू मोजणारे एक यंत्र 8 दिवसांसाठी मिळवून द्या आणि ते वापरायला शिकवायला अर्धा दिवस या. हे यंत्र मिळाले नाही तर विहिरींचा गाळ काढणार नाही, फक्त झरी आणि पाट करू. यात तडजोड नाही.

एका विहिरीला 3 दिवस धरले आहेत. पहिल्या दिवशी झुडपे आणि मुळे कापणे, कठडा आणि कप्पी तपासणे. मुळे उपटायची नाहीत, उपटली की चिरा सुटून येतो. दुसऱ्या दिवशी उपसा आणि गाळ. पाणी एका दमात उपसले तर बाहेरच्या ओल्या मातीचा दाब चिऱ्यांवर येतो आणि जुना बांध आत ढासळू शकतो, म्हणून टप्प्याटप्प्याने उपसायचे. गाळाला 10 लिटरचेच डबे. 20 लिटरची बादली गाळाने भरली की 30 किलोच्या वर जाते आणि दोरी ओढणाऱ्याची पाठ धरते, किंवा खालच्या माणसाच्या डोक्यावर ती सुटते. गाळ विहिरीपासून निदान 15 मीटर लांब, उताराच्या बाजूला टाकायचा, नाहीतर पहिल्या पावसात तोच परत आत. वाळल्यावर माडांच्या आळ्यांत घालायला उत्तम आहे. कुळागरवाल्यांनी न्यायला यावे.

तिसऱ्या दिवशी निर्जंतुकीकरण. इथे घाईने चूक होते: ब्लीचिंग पावडरची पुडी तशीच विहिरीत ओतली जाते. आधी पाणी मोजायचे. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 2 मीटर असेल तर ते साधारण 14,100 लिटर. दर 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सुमारे 35 ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्याने तिची पेस्ट करायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि 5 ते 10 मिनिटे ठेवायची. तळाला चुना बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन तीच बादली विहिरीत सोडून वर-खाली हलवायची. चुना आत गेला तर पाणी जड होते. तासाभराने क्लोरीन तपासायचे, लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम उरलेला दिसला पाहिजे. हा नेहमीचा डोस झाला. गाळ उपसल्यानंतरचा पहिला डोस यापेक्षा मोठा असतो आणि तो आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच देऊ. पावडर ताजी, घट्ट झाकणाच्या डब्यातली हवी. उघडी पडलेली पावडर क्लोरीन गमावून बसते.

विहिरीच्या मालकीचे वाद आपल्याला नवे नाहीत. भाटकार आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) दोघांचीही लेखी संमती 25 एप्रिलपर्यंत हवी. देवळालगतच्या झरीसाठी देवस्थान समितीची. संमती नसेल तिथे मुले पाऊल टाकणार नाहीत. मोठ्यांच्या भांडणात त्यांना उभे करणे बरे नव्हे.

झरी आणि पाटावर जाणाऱ्या गटाला गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाची काळजी घ्यावी लागेल. सत्तरीला त्याची ओळख करून द्यायला नको. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, गोचीड पळवणारे तेल उघड्या अंगाला, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंग तपासणी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे. ताप आला तर त्याच दिवशी तपासणी, दुसऱ्या सकाळची वाट पाहायची नाही.

काम सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते सहा. साडेदहाला पेज. एकूण 28 माणसांना 14 दिवस लागेल ते असे: उकडे आणि सुरय (न उकडलेले) मिळून तांदूळ 140 किलो, डाळ 31 किलो, तेल 16 लिटर, साखर 16 किलो, नारळ 120, गॅसचे मोठे 3 सिलिंडर. भाजी, कैऱ्या, फणस, सोलां (आमसुले) ज्याच्या घरी असतील त्याने द्यावीत. रोज एका वाड्याने (वस्तीने) भाजी वाटून घेतली तर कोणावर भार पडत नाही. हेल्मेट 30, गमबूट 12 जोड, 16 मिलिमीटर जाडीची नवी नायलॉन दोरी 120 मीटर, सुरक्षा पट्टे 2. दोरी जुनी देऊ नका, तिच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

रोख रकमेतून दोन्ही कामगारांची 8 दिवसांची मजुरी, पंपाचे भाडे आणि मुलांचा अपघात विमा भागवायचा आहे. एका विद्यार्थ्याचा जेवण, प्रवास आणि विमा मिळून 14 दिवसांचा खर्च साधारण 2,500 रुपये धरला आहे. तेवढा उचलला तरी मोठे काम होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब 31 मेपर्यंत वाचनालयाच्या फलकावर लागेल.

आता जाणत्या माणसांविषयी. विहीर बांधणारे गवंडी, पाट राखणारे कुळागरवाले, परिचारिका, निवृत्त अभियंते अशी 8 माणसे हवीत, प्रत्येकी 3 दिवस. अट एकच आणि ती पाळणे सोपे नाही: शिकवून झाल्यावर मागे सरायचे. मुलगी पाण्याचा हिशेब मांडताना अडली तर आकडा सांगायचा नाही, व्यास पुन्हा मोजायला सांगायचे. कुदळ तिच्या हातातून काढून घ्यायची नाही. धोका दिसला तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता थांबवायचे. हे ज्यांना जमते ती माणसे आमच्यासाठी तांदळापेक्षा आणि पैशांपेक्षा मोलाची आहेत.

छावणीनंतर नोंदवहीच्या दोन प्रती होतील, एक पंचायतीत, एक वाचनालयात. प्रत्येक विहिरीची खोली, मेमधली पाण्याची पातळी, वापरणारी घरे, गाळ काढल्याची तारीख त्यात असेल. पुढच्या मेमध्ये पातळी पुन्हा मोजायला गावातलीच दोन मुले लागतील, त्यांची नावेही आत्ताच द्यावीत.

देणगी, संमतिपत्रे आणि नावे 25 एप्रिलपर्यंत गावच्या वाचनालयात संध्याकाळी 5 ते 7 या वेळेत स्वीकारली जातील. धान्य 2 मे रोजी सकाळी शाळेच्या सभागृहात आणून द्यावे.