विमान जाईपर्यंत थांबायचे

विलेपार्ले (पूर्व),
९ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल जे बोलायचे ते भेटीत बोल. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघे आहेत तसेच आहेत आणि हिचे बरे चालले आहे. पत्राचे कारण वेगळे आहे. नानांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि ती मी हिलाही सांगितलेली नाही. तिला विमानाचा नियम लग्नानंतर शिकावा लागला. तू आणि मी त्या नियमातच वाढलो.

आपली इमारत पडणार, हे अखेर ठरले. पहिल्या दोन बिल्डरांनी मोजमापे घेतली, चहा घेतला आणि ते पुन्हा फिरकले नाहीत. कारण तेच, फनेल झोन. विमानांच्या वाटेखाली उंची वाढवता येत नाही. उंची नाही म्हणजे वर विकायला मजले नाहीत, आणि विकायला मजले नसतील तर आपल्या सोळा बिऱ्हाडांना फुकट घरे कोण बांधून देणार? मुलुंडची मंडळी विसाव्या मजल्यावर झोपाळे बांधत असताना आपण गॅलरीखाली लोखंडी टेकू लावून त्यांना दर दिवाळीत रंग देत राहिलो. तिसऱ्या बिल्डरने मात्र पाच मजल्यांत हिशेब बसवला. कॉर्पस, म्हणजे बिल्डरने रहिवाशांना द्यायची एकरकमी रक्कम, नावापुरता, जागा आहे तेवढीच, आणि तीस महिन्यांचे भाडे. २०१९ च्या शासन निर्णयानुसार एक्कावन्न टक्के संमती पुरते, म्हणजे आपल्यात नऊ सह्या. त्याला मात्र सोळाच्या सोळा हव्या होत्या.

सेक्रेटरी या नात्याने त्या मीच गोळा केल्या. १९९८ साली तू ब्लॉक विकलास आणि मला सह्या झाल्यावर कळवलेस, तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो होतो. फाइल घेऊन जिने चढताना तो शब्द मला बऱ्याचदा आठवला. मागे घेत नाही, पण आठवला. तुझ्या ब्लॉकमधले कुटुंब सज्जन आहे, हे तुला आवडो न आवडो.

मिळणाऱ्या भाड्यात पार्ल्यात घर मिळत नाही, त्यामुळे पांगापांग सुरू झाली आहे. आक्का डोंबिवलीला भाच्याकडे जातात. पन्नास वर्षे ज्या गावाला त्यांनी नावे ठेवली, तेथेच. पोस्टातल्या काकांनी विरारला जागा पाहिली आहे आणि सकाळच्या गाडीत चढण्याचा सराव म्हणून ते आतापासून कोपरे बाहेर काढून चालतात. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ टाकीच्या व्हॉल्व्हवरून अजून बोलत नाहीत. त्या दोघांनी एकमेकांना न सांगता वसईत एकाच इमारतीत घर घेतले आहे. हे त्यांना अद्याप कळलेले नाही. सेक्रेटरीला सगळ्यांचे नवे पत्ते ठाऊक असतात, ही एवढीच या पदाची मजा.

सोळावी सही नानांची होती. ते आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. काकू गेल्यापासून एकटेच राहतात, अजून स्वतः चालत सेवा संघात जाऊन पुस्तक बदलून आणतात. जिन्यावर बसवून आपल्याकडून साले म्हणवून घेत, ते तुला आठवत असेल: १९२१ टिळक विद्यालय, १९२३ लोकमान्य सेवा संघ, १९२९ बिस्किटांचा कारखाना. २०१६ मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी चौथे साल जोडले आणि भाजलेल्या बिस्किटांचा वास येत नाही म्हणून दुपार कधी सरली ते कळत नाही, अशी तक्रार महिनाभर केली.

मी संमतिपत्र त्यांच्याकडे रात्री ठेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा भिंग बाजूला ठेवून ते तयार बसले होते. मी मथळ्यात ‘पुर्नविकास’ लिहिले होते. त्यांनी लाल शाईने रफार हलवून ‘पुनर्विकास’ केले होते आणि कोपऱ्यात दहापैकी सात गुण दिले होते. मग पेन उघडून त्यांनी मला विचारले, “मी परत येईन ना रे या जागेत?”

बाळ्या, त्या क्षणी मी खरे बोललो. मी म्हणालो, “नाना, मला सांगता येत नाही. तीस महिन्यांवर सहा महिन्यांची सवलत बिल्डरला आहे, आणि फनेल झोनमधली कामे रखडतात.” हे सगळे मी म्हणालो, आणि त्याच वेळी डोक्यावरून विमान गेले. खिडकीची तावदाने थरथरली. नाना कानाशी हात धरून थांबले, आपण सगळे थांबतो तसे. विमान गेले. ते माझ्याकडे पाहत राहिले, कारण आपल्या इमारतीत वाक्य तुटले तर ते पुन्हा सांगायचे असते. भांडणातसुद्धा आपण ते पाळले. टाकीवरून भाऊ भांडले तेव्हाही विमान जाईपर्यंत दोघे हात वर धरून उभे होते आणि मग पहिल्यापासून सुरू झाले.

मी ते वाक्य पुन्हा सांगितले नाही. मी नुसती मान डोलावली. नानांनी सही केली.

आता रोज संध्याकाळी ते मला गॅलरीतून नव्या इमारतीबद्दल विचारतात. लिफ्ट किती माणसांची, गॅलरी पूर्वेला आहे ना, तुळस कुठे ठेवता येईल. मी नकाशा काढून दाखवतो. नकाशा खरा आहे, त्यामुळे त्यात मला खोटे बोलावे लागत नाही, आणि तेच जास्त लागते. नऊ सह्या कायद्याला पुरत होत्या, म्हणजे त्यांनी नकार दिला असता तरी इमारत पडलीच असती, असे मी स्वतःला समजावतो. पण मग सोळावी सही मिळवायला मी कशासाठी गेलो, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

तुला नातू झाल्याचे कळले; फार आनंद झाला. नाव काय ठेवले? मोतीबिंदूचे झाले का? नागपूरची थंडी पडली असेल, तेव्हा कानटोपी घाल. तुझे कान लहानपणापासून कच्चे आहेत. वहिनींना नमस्कार.

नाना ३० तारखेला बदलापूरला लेकीकडे जातात. त्याआधीचा एक रविवार काढ. मला ते वाक्य त्यांना पुन्हा सांगायचे आहे, आणि तू शेजारी बसलास तर मला ते टाळता येणार नाही. दुपारी विमाने जरा कमी असतात, असे आक्का म्हणतात. पण आक्कांवर विसंबू नये, तेव्हा सकाळपासूनच ये.

तुझा,
बंड्या