बोजाऱ्याचा डबा

फिनिक्स, रविवार सकाळ

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आईला नागपूरच्या वर्धा रोडवरच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जायचं आहे; परवा फोनवर तिला बाबांनी ‘वृद्धाश्रम’ म्हटलं आणि आईनं फोन ठेवून दिला. फोनवर तुम्ही दोघं एकमेकांचं बोलणं तोडता, म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्यानं तुम्हीच वाचा, म्हणजे मधे बोलता येणार नाही.

आधी तुमच्याशीच. वर्धा रोडवरची ती जागा वृद्धाश्रम नाही. तिथं फ्लॅट तुमचा, कुलूप तुमचं, ओटा तुमचा. फक्त साठीच्या आतल्याला राहता येत नाही. आईला तिथं काहून जायचं आहे, हे तुम्ही तिला कधी विचारलं का? मी विचारलं. तिला लायब्ररी नको, देऊळ नको, माहितीपत्रकातला तो योगवर्ग तर नकोच. तिला मेस हवी आहे. ४६ वर्षं रोज सकाळी ‘आज भाजी कोणती’ याचं उत्तर तिनं एकटीनं काढलं. तुम्ही वेकोलितून, त्या कोळसा खाणींच्या कंपनीतून, निवृत्त झालात, निरोप समारंभ झाला, घड्याळ मिळालं. ती अजून ड्यूटीवरच आहे.

आता आई, तू. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी आपल्या लेआऊटमध्ये शिरलं. तेव्हापासून तुझं मन या घरातून उडालं, हे मला कळतं. दिवाण गेला, फ्रिज गेला, माझ्या लग्नाचे अल्बम गेले. पण त्या पहाटे बाबांना पाठुंगळी घेऊन वर कोणी नेलं? समोरच्या घरातल्या २८ वर्षांच्या पोरानं. त्याच्याच बुलेटच्या आवाजावरून तुझी रोज बडबड चालते. जिथं सगळेच सत्तरीचे, तिथं अंधारात पाठ मागायची कोणाकडे? पगारी माणसांकडेच. मग ती रात्रपाळीला किती असतात, दर सहा महिन्यांनी बदलतात का, हे आपण विचारायला हवं.

इथं जवळच सन सिटी आहे, फक्त ज्येष्ठांसाठी वसवलेली. १ जानेवारी १९६० रोजी ती खुली झाली आणि पहिल्या काही दिवसांतच लाखभर लोक नुसते बघायला आले. ऊन थेट आपल्यासारखं, ४५च्या पुढचं. माझ्या मैत्रिणीची आई तिथं राहते. ७८व्या वर्षी ती मातीची भांडी करायला शिकली, गोल्फच्या छोट्या गाडीतून किराणा आणते आणि लेकीकडे चार दिवसांच्या वर टिकत नाही. अशी खुशीत असलेली म्हातारी मी फार कमी पाहिली आहे. नियम मात्र कडक. घरात एक तरी जण ५५ पूर्ण झालेला हवा, आणि १९ वर्षांखालच्यानं वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. म्हणजे आपला चिन्मय तिथं सुटीपुरताच. मुलंबाळं असलेल्यांना घर नाकारणं अमेरिकेत बेकायदा आहे. अशा वसाहतींना त्यातून सूट मिळते, पण त्यासाठी किमान ८० टक्के घरांत ५५ पूर्ण झालेलं माणूस लागतं. एक गोष्ट मला खटकली. शाळांसाठी पैसे उभे करण्याचे प्रस्ताव तिथल्या म्हाताऱ्यांनी मतदानात इतक्यांदा पाडले, की शेवटी सन सिटी त्या शाळा-जिल्ह्यातून, म्हणजे त्या शाळांच्या हद्दीतूनच, वेगळी करावी लागली.

तिथल्या रस्त्यावरून चालताना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, कुठंही एक लहान सायकल आडवी पडलेली नव्हती. आणि मला आईचा बोर्नव्हिटाचा डबा आठवला, तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्याचा, म्हणजे लाकडी बैल घेऊन दारी येणाऱ्या पोरांना द्यायच्या पैशांचा. गेल्या वर्षी ३४ पोरं बैल घेऊन आली, तूच मोजून सांगितलंस. एकानं प्लास्टिकचा बैल आणला म्हणून त्याला कमी दिलेस, आणि संध्याकाळी जिवाला लागलं म्हणून परत बोलावून बाकीचे दिलेस. वर्धा रोडच्या गेटवर पाहुण्यांची नोंद होते. बैलांची कशी करणार?

डिसेंबरात आपण नमुना फ्लॅट पाहिला तेव्हा बाबांनी खिशातून टेप काढला, तेव्हा मला लाज वाटली होती. आता वाटत नाही. ज्येष्ठांच्या घरांसाठी महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये नियम घातले, त्यात दार ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नको असं आहे, आणि बाथरूमचं दार बाबांच्या टेपवर कमी भरलं. मग त्यांनी संकटाची लाल घंटी दाबली. ११ मिनिटांनी चौकीदार आला आणि म्हणाला, ‘साहेब, पाणी पाहिजे का?’

मला त्याहून काळजी कराराची आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं त्रिपक्षीय करार करायला सांगतात: बांधणारा, सेवा देणारा आणि घेणारा. आपल्याला दाखवलेल्या कागदावर सेवा देणाऱ्याची सहीची जागाच नव्हती. मेस, नर्स, रुग्णवाहिका सगळं त्याच्याच भरवशावर, आणि तो उद्या निघून गेला तर? मेंटेनन्स दरवर्षी किती वाढणार? एखाद्याला विसरभोळेपणा जडला तर सांभाळतात की न्यायला सांगतात? दोघांतलं एकच राहिलं तर पैसे अर्धे होतात का? हे मी त्या विक्रीवाल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, शुभ बोला.’ पुढे फ्लॅट माझ्या नावावर आला तरी साठीपर्यंत मला तिथं राहता येणार नाही, आणि राहायला गिऱ्हाईकही साठीच्या वरचंच शोधावं लागेल. बाबा, हे गणित तुम्ही घालून बघा, आईला त्यात रस नाही.

आणि हो, मी आईच्या बाजूनं बोलते त्यात माझी सोयही आहे. रात्री नागपूरचा नंबर दिसला की माझ्या छातीत धस्स होतं. तिथं कोणीतरी घंटी ऐकणारं असेल, या विचारानं मला झोप लागेल. माझ्या झोपेसाठी मात्र तुम्ही घर विकायचं नाही.

तेव्हा एवढं करा. घर विकू नका, किल्ली समोरच्या पोराकडे द्या आणि तिथला एक फ्लॅट एप्रिल ते जून भाड्यानं घ्या. मुद्दाम उन्हाळ्यातच. थंडीत नागपुरात कुठलीही जागा चांगलीच वाटते. मेमध्ये लाइट गेल्यावर जनरेटर किती वेळात लागतो, वरणात पाणी किती, अंबाझरीच्या फिरायच्या मंडळीतलं कोण ऊन उतरल्यावर तिथवर येतं, ते बघा. एम्स तिथून जवळ आहे, ते एक बरं. आई, तीन महिने ओट्याला हात लावू नकोस.

आणि बाबा, या वेळी घंटी रात्री २ वाजता दाबा. टेपसारखं घड्याळही सोबत ठेवा, निरोपाचं मिळालेलं.

तुमची,
मनी