लळिंगच्या माळावरच्या आप्पांना

आदरणीय आप्पा,
साष्टांग नमस्कार.

दिवाळी झाल्यापासून तुमचा फोन लागत नाही. मागच्या रविवारी माळावर जाऊन आले, तर वाड्याच्या जागी नुसत्या लेंड्या आणि तीन दगडांची चूल. गावात कळलं, तुम्ही कळप घेऊन शिरपूरकडे, तापीच्या अंगाला उतरलात. कोणाच्या शेतात मेंढ्या बसवल्यात ते मात्र कुणाला सांगता येईना. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते. कुणाच्या तरी मोबाइलवरून ते तुमच्या पुतण्यापर्यंत जाईल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल.

आमचा प्रकल्प सादर झाला, आप्पा. 'माळरानाची परिसंस्था' असं नाव दिलंय. त्यात तुमचं किती आहे ते तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही, ते आता सांगते.

जुलैत आम्ही चौघी पहिल्यांदा आलो तेव्हा आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट होती, वजनकाटा होता आणि पाठ केलेल्या व्याख्या होत्या. परिसंस्था हा शब्द टान्सले नावाच्या शास्त्रज्ञाने १९३५ साली वापरात आणला, हेही पाठ होतं. चौकट टाकायची, आतली गवतं मोजायची, किडे मोजायचे, फोटो काढायचा. फोटो स्वच्छ यावा म्हणून आतलं शेण, वाळकी काटकं, सडका पाला आम्ही आधी उचलून बाहेर टाकायचो. तीन रविवार असंच केलं. तुम्ही लांबून बघत होतात. तिसऱ्या रविवारी जवळ आलात आणि विचारलंत, "पोरीसहोन, जे काम करस तेच फेकी ऱ्हायनात का?"

मग काठीच्या टोकाने तुम्ही एक दोन-तीन दिवसांची शेणाची पो उलटी केलीत. वरून ती वाळून कडक झालेली, खाली मात्र ओल. आणि त्या ओलीत जमिनीची चाळण झालेली. करंगळी जाईल एवढाली भोकं, एकातून काळा शेणकिडा मागचे पाय झाडत वर येत होता, दुसरा शेणाचा गोळा खाली ओढत होता. तुम्ही माझ्या हातातली बाटली घेतलीत आणि पाणी त्या जागी ओतलंत. गेलं. वही उघडेपर्यंत गेलं. मग चार पावलांवर, जिथे ढोरांच्या पायवाटेने जमीन चोपून टणक झालीय, तिथे तेवढंच पाणी ओतलंत. ते साचलं, आणि उताराने वाहून गेलं. "माटीले पानी पेवाले तोंड लागस," एवढंच बोललात आणि मेंढरांमागे गेलात.

आप्पा, त्या रात्री मला झोप आली नाही. धुळ्याचा पाऊस सह्याद्रीच्या आडोशाने अडलेला, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि खाली काळ्या पाषाणावर वीतभर मुरमाड माती. अशा जागी पाणी मुरतं की वाहतं, यावरच गवत, गवतावर मेंढरू, मेंढरावर तुमचं घर. आणि ती तोंडं उघडणारं काम आम्ही तीन आठवडे उचलून फेकत होतो. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून आम्ही पहिले तीन तक्ते रद्द केले. तेलाच्या डब्यांची बुडं कापली, ते जमिनीत रोवून प्रत्येक चौकटीपाशी पाणी मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहू लागलो. शेणाखाली, वारुळाशेजारी, पायवाटेवर, आणि तुम्ही पोळ्यापर्यंत मेंढरं घालत नव्हतात त्या राखीव पट्ट्यात. पट्ट्यातलं पाणी पायवाटेपेक्षा दर वेळी लवकर मुरलं. अहवालातला सगळ्यात चांगला तक्ता तोच आहे.

गवतांची नावंही तुमचीच. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. पुस्तकातल्या चित्रावरून आम्ही अर्धी चुकीची लिहिली होती. कुसळीचं एक पिकलेलं बी तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलंत आणि त्यावर थुंकीचा थेंब लावलात. त्याची पिळदार शेपटी हळूहळू उलगडायला लागली, आणि बी हातावर आपोआप गोल फिरलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत टोकदार बी जमिनीत घुसतं. तुमचे शब्द मी जसेच्या तसे अहवालात घातलेत : "हाई गवत सोताले सोता पेरस." तेच टोक मेंढराच्या लोकरीतून कातड्यात घुसतं, म्हणून कुसळं पिकली की कळप हलवायचा, हेही त्याच दिवशी कळलं.

अंजनाच्या रोपाबद्दलही लिहिलंय. वर चार पानं, आणि खाली खडकाच्या फटीत किती लांब गेलेलं मूळ!

लांडग्याचं तेवढं मी तुमच्याशी वाद घालून लिहिलं, रागावू नका. अन्नसाखळीत खालच्या पायरीची साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला मिळते, म्हणून एका लांडग्याला पोसायला केवढा तरी माळ लागतो, आणि लांडगे मुळातच थोडे असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात ठेवलंय. पण तुमचं कोकरू गेलं त्या पहाटेचा तुमचा चेहरा मी पाहिलाय. तुम्ही राग लपवला नाहीत. मीही तो अहवालात लपवला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, तुमच्या नकाशात परिसंस्थेची हद्द माळाच्या कडेला का थांबत नाही? बाण खाली शेतांपर्यंत का गेलाय? मी तुमचं सांगितलं. पावसाळाभर माळावरचं गवत मेंढरांच्या पोटात जातं, आणि दिवाळीनंतर लेंड्यांच्या रूपाने तापीकाठच्या काळ्या रानात उतरतं. शेतकरी त्यासाठी धान्य देतो, पैसे देतो. मुरमाड माळाचं खत कपाशीच्या आणि गव्हाच्या मुळांशी जातं, आणि ते नेणारे तुम्ही. सरांनी पेन खाली ठेवून ऐकलं. आप्पा, त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होतात.

तुम्ही आम्हाला पाच महिन्यांत एकदाही 'जा, कामात आडव्या येऊ नका' म्हणाला नाहीत. भाकरीतली अर्धी भाकर दिलीत, कुत्र्यांना आमची ओळख करून दिलीत, पाऊस आला तेव्हा स्वतःचं घोंगडं दिलंत. त्याचे मनापासून आभार.

अहवालाची एक प्रत तुमच्यासाठी काढून ठेवलीय. गवतांच्या यादीत अकराव्या ओळीत नाव लिहायचं राहिलंय. ओढ्याजवळ उगवतं, बारीक, जांभळट तुऱ्याचं, तुमची म्हातारी मेंढी तेच आधी खाते. त्याची काडी वहीत दाबून ठेवलीय. मृगाला माळावर परत आलात की घेऊन येते.

तुमची,
चौकटवाली पोरगी
धुळे